त्यानंच केलंय का? आणि दुसरा प्रश्न

'मेकिंग अ मर्डरर' बघून उठलेली माणसं साधारण दोन प्रकारची असतात. पहिली, "बिचाऱ्याला अडकवलाय हो!" म्हणणारी. आणि दुसरी, "काही नाही, त्यानंच केलंय" म्हणणारी. "ते जाऊ दे, जेवायला काय आहे?" असं विचारणारा तिसरा प्रकारही असतो, पण तो दहाव्या भागापर्यंत टिकत नाही :-)

नेटफ्लिक्सवर ही मालिका डिसेंबर २०१५ मध्ये आली. लॉरा रिचियार्डी आणि मॉयरा डेमॉस या दोघींनी जवळजवळ दहा वर्षं खपून केलेला हा माहितीपट. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो आणि ग्राफिक्सच्या शीटांपुढे मला जगात दुसरं काही दिसत नव्हतं. त्यामुळे जगाने चघळून चोथा केल्यावर मी ती बघितली, आणि तीही कशामुळे, तर प्रोजेक्टने मला उचलून मिलवॉकीला आणून टाकलं म्हणून. विस्कॉन्सिन राज्य, उणे पंधरा तापमान, वीकेंडला बाहेर जाण्याची सोय नाही. आणि मालिकेतली सगळी कथा घडली ती इथून उत्तरेला जेमतेम ऐंशी मैलांवर. ग्रीन बेला जाताना हायवेवर मॅनिटोवॉकची पाटी लागते, तेच गाव.

बघणारे आम्ही चौघं. मी, टेस्टिंग टीममधला एक नागपूरकर, एक कोल्हापूरकर आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. दर शनिवारी कोल्हापूरकराच्या घरी जमायचं, वहिनींच्या हातचं पिठलं-भात चापायचं आणि मग दोन-तीन भाग बघायचे, असा सगळा कार्यक्रम. भाग तासाभराचा असायचा आणि त्यावरचा वाद दोन तासांचा.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टीव्हन एव्हरी हा मॅनिटोवॉक काउंटीतला माणूस. कुटुंबाचा धंदा भंगार गाड्यांचा. १९८५ मध्ये एका बाईवर झालेल्या हल्ल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. त्या वेळी तो दुसरीकडे होता असं सांगणारे डझनभराहून जास्त साक्षीदार होते, तरी झाली. अठरा वर्षं आत काढल्यावर २००३ मध्ये डीएनए तपासणीतून कळलं की हल्लेखोर भलताच कोणी होता. एव्हरी सुटला आणि त्याने काउंटीवर ३ कोटी ६० लाख डॉलरचा दावा ठोकला. तो दावा चालू असतानाच ३१ ऑक्टोबर २००५ ला टेरेसा हॅलबाक नावाची पंचवीस वर्षांची फोटोग्राफर बेपत्ता झाली. त्या दिवशी ती एव्हरीच्या आवारात विक्रीच्या गाडीचा फोटो काढायला गेली होती. पाच दिवसांनी तिची गाडी त्याच आवारात सापडली. गाडीत एव्हरीचं रक्त होतं, आणि त्याच्या घरामागे जळलेली हाडं. २००७ मध्ये त्याला खुनाबद्दल जन्मठेप झाली, पॅरोलशिवाय. त्याचा भाचा ब्रेंडन डॅसी गुन्ह्याच्या वेळी सोळा वर्षांचा होता. त्यालाही जन्मठेप झाली.

पहिल्या चार भागांत आमचं चौघांचं एकमत होतं. अठरा वर्षं निरपराध माणूस आत, सुटल्यावर दावा, आणि मग लगेच खुनाचा आरोप... एवढं ऐकल्यावर कोणाचं रक्त उसळणार नाही? त्यात दाव्यामुळे मॅनिटोवॉकच्या पोलिसांनी बाजूला राहायचं आणि शेजारच्या कॅल्युमेट काउंटीने तपास करायचा असं ठरलं होतं. प्रत्यक्षात झडतीत मॅनिटोवॉकचे अधिकारी होतेच. आणि टेरेसाच्या गाडीची किल्ली एव्हरीच्या बेडरूममध्ये मिळाली ती आधीच्या झडत्यांमध्ये नाही, नंतरच्या झडतीत, तेच अधिकारी हजर असताना. किल्लीवर एव्हरीचा डीएनए होता, जिची गाडी तिचा नव्हता.

"हे बघ, हे सरळ सरळ प्लांट केलंय," नागपूरकर म्हणाला. टेस्टिंगवाला माणूस, संशय घेण्याचाच पगार मिळतो त्याला.

पण हा गडी शनिवारपर्यंत थांबणारा नाही. आठवडाभर रात्री बसून त्याने नेटवरून सगळं वाचून काढलं आणि पुढच्या शनिवारी पार्टी बदलून आला. मालिकेत न दाखवलेल्या गोष्टी घेऊन. टेरेसाच्या गाडीच्या बॉनेटच्या कडीवर एव्हरीचा डीएनए सापडला होता, आणि तो रक्तातला नव्हता. त्या दिवशी त्याने तिला दोनदा फोन केला होता तो स्वतःचा नंबर लपवून. बचाव पक्षाच्या वकिलांना एव्हरीच्या जुन्या रक्ताची कुपी सापडते आणि तिच्या बुचाला भोक दिसतं, हा मालिकेतला मोठा नाट्यमय क्षण. पण अशा कुपीत रक्त भरतात तेच मुळी बुचातून सुई घालून. त्यामुळे भोक असणारच.

"म्हणजे त्यानंच केलं ना बे!" नागपूरकर विजयी.

आणि मग रात्री साडेअकरापर्यंत तेच. केलंय, नाही केलंय, केलंय, नाही केलंय. प्रत्येकाने आपापल्या बाजूचे पुरावे सांगायचे, समोरच्याच्या पुराव्याला भोक पाडायचं. आमच्यासारखी लाखो माणसं हे करून बसली आहेत. मालिका आल्यावर महिन्याभरात एव्हरीला माफी द्या म्हणून व्हाइट हाउसकडे सव्वा लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज गेला. जानेवारी २०१६ मध्ये उत्तर आलं की राज्याच्या कायद्याखाली झालेली शिक्षा राष्ट्राध्यक्ष माफ करू शकत नाहीत. म्हणजे सव्वा लाख लोकांना तो निर्दोष असल्याची खात्री होती, पण अर्ज कोणाकडे करायचा हे बघायला वेळ नव्हता.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताय. तुम्ही म्हणताय त्याने केलं. हे म्हणताहेत किल्लीचं गौडबंगाल आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं की!"

वहिनींचे वडील तालुक्याच्या कोर्टात कारकून होते. आरोपी, तारीख, जामीन हे शब्द त्यांनी लहानपणापासून जेवताना ऐकलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसाने गुन्हा केला का, हा एक प्रश्न. त्याला दोषी ठरवलं ते नीट रीतीने ठरवलं का, हा दुसरा. एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही. गुन्हेगाराविरुद्धही खोटा पुरावा पेरला जाऊ शकतो, आणि अगदी नियमाने चाललेल्या खटल्यातही निरपराध माणूस अडकू शकतो.

ऐकायला हे फार सोपं वाटतं. पण करून बघा! ज्याला मनातून दोषी ठरवलंय त्याच्या खटल्यातल्या चुका दिसेनाशा होतात, आणि खटल्यातल्या चुका दिसल्या की माणूस आपोआप निर्दोष वाटायला लागतो.

खरी ठिणगी पडली ती ब्रेंडनच्या जबाबावरून.

१ मार्च २००६. सोळा वर्षांचा मुलगा, शाळेत विशेष वर्गात शिकणारा, समोर दोन तपास अधिकारी. वकील नाही, आई नाही. सगळं व्हिडिओवर आहे. आम्ही सगळं सांभाळून घेऊ, खरं सांगितलंस की सुटशील, असं काही काही ते त्याला पुन्हा पुन्हा सांगतात. टेरेसाच्या डोक्याला काय केलं असं विचारतात. तिला डोक्यात गोळी लागलीय हे त्यांना माहीत आहे, त्याच्या तोंडून हवंय. तो आठवल्यासारखं करतो. केस कापले म्हणतो. मग ठोसा मारला. मग गळा कापला. हवं ते येत नाही म्हटल्यावर शेवटी अधिकारीच थेट विचारतो की तिच्या डोक्यात गोळी कोणी घातली. मग हा म्हणतो, त्याने. एवढं सगळं कबूल केल्यावर पोराला काळजी काय, तर सहाव्या तासाच्या आधी शाळेत परत जाता येईल का. प्रोजेक्ट द्यायचा असतो त्याला.

हा भाग बघून मी सुन्न झालो होतो. पण नागपूरकर हटला नाही. "ते सगळं ठीक आहे. पण न केलेला गुन्हा कोणी काहून कबूल करन? मारलं नाही, झोडलं नाही. तू करशील का? मी तर नाही करणार."

कोणी काही बोललं नाही. आणि मग कोल्हापूरकर, जो एरवी वादात कमी आणि पापडात जास्त लक्ष घालतो, तो म्हणाला, "मी केलंय."

आम्हाला वाटलं गंमत करतोय.

बारावीला होता तेव्हाची गोष्ट. होस्टेलला खोलीतल्या एका मुलाचा मोबाइल गेला. खोलीत त्या वेळी हाच एकटा होता असं कोणीतरी सांगितलं. रात्री दहाला रेक्टरनी ऑफिसात बोलावलं, सोबत दोन सिनियर. मारलं नाही कोणी. नुसतं विचारत राहिले. दोन वाजेपर्यंत. सकाळी प्रॅक्टिकल होतं. "हो म्हण, आत्ता झोपायला जा, घरी कळवणार नाही," असं सांगितलं. तो हो म्हणाला.

"मग विचारलं, कुठं ठेवलास? आता मला काय माहीत? म्हटलं, ट्रंकेत. ट्रंक बघितली, नाही. म्हटलं, गच्चीवर टाकीमागं. तिथं बघून आले, नाही. मग सरच म्हणाले, विकलास काय? म्हटलं, हो, विकला. मग झोपू दिलं."

दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन गेला. वडील एसटीने आले आणि मोबाइलचे पैसे भरून गेले. मोबाइल कधी सापडलाच नाही. वडिलांनी त्याला त्या दिवशी काही विचारलं नाही आणि पुढे कधीच विचारलं नाही. "विचारलं असतं तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाला.

वहिनींना लग्नाला तीन वर्षं होऊनही हे माहीत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नागपूरकर थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "पण... तू खरंच घेतला नव्हतास ना?"

विचारताक्षणी त्याला कळलं आपण काय विचारलं ते. "सॉरी यार," म्हणाला. कोल्हापूरकर हसला. म्हणाला, "बघ की. तुलाबी विचारावंसं वाटलंच."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. कबुली ही अशी चीज आहे. एकदा तोंडातून निघाली की मागे घेतली तरी तिचा डाग राहतो. दहा वर्षांनी, सात समुद्रापलीकडे, पिठलं खाऊ घालणाऱ्या मित्रालाही. ब्रेंडनची कबुली एव्हरीच्या खटल्यात ज्यूरीपुढे मांडली गेलीच नाही. पण त्याआधी वर्षभर, मार्च २००६ मध्येच, सरकारी वकिलाने पत्रकार परिषद घेऊन ती सगळी हकिगत टीव्हीवर रंगवून सांगितली होती. ज्यूरीत बसणारी माणसं टीव्ही बघणारीच असतात ना?

आणि पुढचं ऐका. एव्हरीच्या खटल्यात सरकार पक्षाने सांगितलं की हे एकट्या एव्हरीचं काम. काही आठवड्यांनी ब्रेंडनच्या खटल्यात सांगितलं की दोघांनी मिळून केलं. एकच खून, एकच सरकारी वकील, दोन गोष्टी, आणि दोन्हींना शिक्षा.

वहिनींनी तेव्हा सांगितलं की आपल्याकडे पोलिसापुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, कलम २३ मध्ये, ते आलंय. इंग्रजांनीच केलेला कायदा, कारण त्यांना त्यांचे पोलीस ठाऊक होते! पण त्यालाही एक वाट ठेवलेली आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरता जबाब चालतो.

"मग तर झालंच की," नागपूरकर म्हणाला, "ब्रेंडनच्या जबाबानंतरच गॅरेजमध्ये गोळी सापडली. बॉनेटवरचा डीएनए पण त्यानंतरच."

मुद्दा बरोबर होता. आणि त्या गोळीवर टेरेसाचा डीएनए असल्याचं प्रयोगशाळेने सांगितलं. पण त्याच चाचणीत कंट्रोलच्या नमुन्यात तपासनिसाचा स्वतःचा डीएनए मिसळला होता. नियमाप्रमाणे अशी चाचणी अनिर्णीत धरायची असते. नमुना संपलेला, पुन्हा करता येईना, म्हणून अपवाद करून निकाल ग्राह्य धरला. आता बोला!

शेवटी नागपूरकरानेच त्याच्या भाषेत सांगितलं. "आपल्याकडे एखाद्याने अपेक्षित उत्तर स्वतःच कोडात टाकून टेस्ट हिरवी करून दाखवली, तर मी बिल्ड परत पाठवतो. फीचर चालतं की नाही ते नंतर बघू. ती टेस्ट काही सांगतच नाही." वहिनींनी आधी सांगितलेला दुसरा प्रश्न तो हाच. फीचर चालतं का, आणि टेस्ट खरी होती का.

ब्रेंडनचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये इथल्याच, मिलवॉकीच्या फेडरल कोर्टातल्या न्यायाधीश विल्यम डफिन यांनी त्याची शिक्षा रद्द ठरवली. पोराचं वय, त्याची समज आणि पुन्हा पुन्हा दिलेली खोटी आश्वासनं बघता हा जबाब स्वेच्छेचा नव्हता, असं कारण दिलं. जून २०१७ मध्ये शिकागोच्या अपील कोर्टात तीन न्यायाधीशांनी २ विरुद्ध १ असं ते उचलून धरलं. सरकारने पुन्हा दाद मागितली आणि डिसेंबरमध्ये त्याच कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी ४ विरुद्ध ३ असा तो निर्णय फिरवला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) त्या चौघांनी "हा जबाब खरा आहे" असं म्हटलं नव्हतं. त्यांच्यापुढचा प्रश्न एवढाच होता, की राज्याच्या कोर्टाने तो स्वेच्छेचा ठरवला, हे अगदीच अवाजवी होतं का? म्हणजे आमचे दोन प्रश्न राहिले बाजूला, वरच्या कोर्टात तिसराच. पॅरोलसाठी त्याचा विचार लवकरात लवकर २०४८ मध्ये होईल. तेव्हा तो साठीच्या उंबरठ्यावर असेल.

मग माहितीपटाचं काय? त्यालाही तीच मोजपट्टी लावायला नको? लावली की दिसतं. अँड्र्यू कोलबर्न हे मॅनिटोवॉकचे अधिकारी. त्यांना उलटतपासणीत विचारलेला एक अडचणीचा प्रश्न मालिकेत आहे, आणि त्यावर त्यांचं "होय" ऐकू येतं. मुळात त्या प्रश्नावर हरकत घेतली गेली होती आणि ती मान्य झाली होती. ते "होय" पुढच्या, वेगळ्या प्रश्नाचं होतं. त्यांनी नेटफ्लिक्सवर बदनामीचा दावा केला. मार्च २०२३ मध्ये तो फेटाळला गेला, तोही मिलवॉकीच्याच फेडरल कोर्टात. कायद्याने ती बदनामी ठरली नाही. पण बघणाऱ्याने काय समजायचं? दुसऱ्याच्या तोंडी उत्तर घालण्याबद्दल आपल्याला चीड आणणारी मालिका, आणि तिच्यातही एक उत्तर भलत्याच प्रश्नाला चिकटवलेलं!

आणि टेरेसा. हे पुन्हा वहिनींनीच काढलं. "दहा तासांत त्या मुलीबद्दल आपल्याला काय कळलं?" आम्ही तिघे एकमेकांकडे बघत राहिलो. फोटोग्राफर होती, स्वतःचा छोटा धंदा होता, पंचवीस वर्षांची होती. बास. तिच्या घरच्यांनी मालिकेत भाग घ्यायला नकार दिला होता. पण दोन वकिलांच्या आवडत्या स्वेटरांपासून एव्हरीच्या आईच्या हिरमुसल्या चेहऱ्यापर्यंत सगळं आम्हाला पाठ, आणि जिच्यासाठी हा सगळा खटला ती मात्र "केस". नीट खटला चालवायचा तो आरोपीवर मेहेरबानी म्हणून नाही. वीस वर्षांनंतरही अर्धं जग तिच्या खुन्याबद्दल वाद घालत बसलंय, हे तिच्या घरच्यांचंही नुकसान आहेच. तपास स्वच्छ झाला असता, दावा चालू असलेल्या काउंटीचे लोक खरोखर लांब राहिले असते, तर शिक्षा झाली तरी ती पक्की झाली असती.

आता मला कोणी विचारलं की एव्हरीने केलंय का, तर माझं मत आहे, आणि ते इथे सांगणार नाही. कारण त्या मताला काडीची किंमत नाही. दहा तास कोणीतरी निवडून, कापून, संगीत घालून दाखवलेलं बघून ते झालंय. ब्रेंडनबद्दल मात्र सांगतो. त्याने काय केलं किंवा केलं नाही हे मला ठाऊक नाही, पण त्या व्हिडिओतल्या कबुलीवर मी कोणाला एक दिवससुद्धा आत ठेवणार नाही.

कोल्हापूरकरावर माझा शंभर टक्के विश्वास आहे. पण तो का आहे, याचा विचार केला तर उत्तर फारसं चांगलं नाही. मी त्याला ओळखतो, म्हणून. ब्रेंडनबद्दल वाईट वाटतं तेही कॅमेऱ्याने त्याची ओळख करून दिली म्हणून. ज्याला कोणी ओळखत नाही, ज्याच्यावर कोणी मालिका काढणार नाही, ज्याचा चेहरा बघून उलट संशयच येतो, त्याने काय करायचं? त्याच्यासाठीच तर ते सगळे कंटाळवाणे नियम आहेत. वकील हजर हवा, झडती दुसऱ्या काउंटीने घ्यावी, कंट्रोल बिघडला तर चाचणी बाद.

पुढच्या शनिवारी नागपूरकराने दुसऱ्या मालिकेचं नाव सुचवलं, पुन्हा खुनाचीच. वहिनी म्हणाल्या, बघू या, पण या वेळी "त्यानंच केलंय" हे वाक्य शेवटचा भाग संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, बोलेल त्याने भांडी घासायची. पहिल्या भागाच्या बाविसाव्या मिनिटाला नागपूरकर उठून सिंककडे गेला.